मिजेट कीं स्पिटफायर ?

इतिहास म्हटला कीं राज्यें, लढाया आणि तह यांचींच चित्रें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु सामान्य मनुष्य कांहीं सिंहासनें निवडीत नाहीं; तो दोन शाळांतून एक, दोन घरांतून एक, दोन वाहनांतून एक अशी निवड करीत असतो. असल्या किरकोळ निवडींचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. आणि तरीही एखाद्या देशाचे उद्योगधंदे वर कसे चढले व खालीं कसे आले, हें पुष्कळदां याच निवडींतून स्वच्छ दिसतें. इंग्लंडांत १९६२ पासून १९८० च्या सुमारापर्यंत अनेक तरुणांस असाच एक प्रश्न पडत असे : एम्. जी. मिजेट घ्यावी कीं ट्रायंफ स्पिटफायर ? दोन्ही गाड्या लहान, दोन्ही दोनच माणसांच्या, दोन्हींचें छप्पर उघडतां येणारें, वेग आणि किंमत हींही जवळ जवळ सारखींच. प्रश्न वरवर पाहतां हौसेचा होता. पण त्याच्या पोटांत इंग्रजांच्या मोटारधंद्याची सगळी कथा सांठलेली आहे.

दोहोंपैकीं मिजेटचें कुळ अधिक जुनें. मिजेट या शब्दाचा अर्थच खुजा, ठेंगू. ऑक्सफर्ड येथील ‘मॉरिस गॅरेजेस’ या पेढीचे व्यवस्थापक सेसिल किंबर हे मोठे कल्पक गृहस्थ होते. विल्यम मॉरिस यांच्या साध्यासुध्या गाड्या घ्याव्या, त्यांस देखणें अंग चढवावें आणि हौशी गिऱ्हाइकांस विकाव्या, या त्यांच्या उद्योगांतूनच एम्. जी. हीं आद्याक्षरें जन्मास आलीं. १९२८ सालच्या लंडनच्या प्रदर्शनांत त्यांनीं मॉरिस मायनरच्या ८४७ सी. सी. इंजिनावर उभारलेली पहिली मिजेट मांडली. किंमत १७५ पौंड. तोंपर्यंत शर्यती ढंगाची गाडी हा श्रीमंतांच्या मुलांचा षोक समजला जाई. किंबर यांनीं तो षोक मध्यम स्थितींतील माणसाच्या आटोक्यांत आणला. १९२९ सालीं हा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गांवीं गेला आणि पुढें पन्नास वर्षें त्या गांवाचें नांव याच गाड्यांशीं जोडलें गेलें. दुसऱ्या महायुद्धानंतर या गाड्यांची गोडी अमेरिकेंतही पसरली. मात्र वाढत्या मागणीबरोबर एम्. जी. गाड्या मोठ्या व महाग होत गेल्या, आणि खुज्या गाडीची जागा कांहीं वर्षें रिकामी राहिली.

ती जागा भरून काढिली डोनल्ड हीली यांनीं. १९५२ सालीं ऑस्टिन आणि मॉरिस हीं दोन मोठीं घराणीं एक होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन ही संस्था निघाली होती. तिच्यासाठीं हीली यांनीं ऑस्टिन-हीली स्प्राइट ही गाडी आंखली आणि मे १९५८ मध्यें माँटे कार्लो येथें ती लोकांस दाखविण्यांत आली. काटकसर हाच या गाडीचा मूलमंत्र होता. ९४८ सी. सी. चें इंजिन घरच्याच ऑस्टिन ए ३५ चें, स्टिअरिंग मॉरिस मायनरचें. पुढचे दिवे मिटतां-उघडतां यावे अशी मूळ कल्पना होती. खर्च वाढतो म्हणून ती सोडून दिली आणि दिवे बॉनेटवर तसेच वर आलेले राहिले. त्यामुळें लोकांनीं तिला ‘बेडूकडोळी’ म्हणण्यास आरंभ केला. दारांना बाहेरून मूठ नाहीं, मागें डिकीचें झांकण नाहीं. सामान ठेवावयाचें तर आसनाच्या मागून हात घालावा. पण जें काढतां येण्याजोगें होतें तें काढून टाकल्यानें गाडी स्वस्तही झाली आणि हलकीही.

१९६१ सालीं या स्प्राइटचा चेहरा बदलला आणि त्याच वेळीं तिला एक जुळी बहीण देण्यांत आली. तीच नवी एम्. जी. मिजेट. दोन्ही ॲबिंग्डनलाच तयार होत, दोन्हींचें यंत्र एक, सांगाडा एक. फरक तो जाळीचा, पट्ट्यांचा आणि नांवाचा. मिजेट किंचित् अधिक सजलेली व किंचित् महाग. असें करण्याचें कारण उघड होतें. ऑस्टिन विकणारे दुकानदार निराळे आणि मॉरिस-एम्. जी. विकणारे निराळे; घराणीं एक झालीं तरी दुकानें एक झालीं नव्हतीं, आणि प्रत्येकास आपल्या पाटीची गाडी पाहिजे होती. लोकांनीं गमतीनें या जोडीला ‘स्प्रिजेट’ असें संयुक्त नांव ठेविलें. स्प्राइट कीं मिजेट, ही निवड अशा रीतीनें नाममात्रच होती. एकाच हलवायानें एकच पेढा दोन कागदांत गुंडाळून पुढें केला, तर गिऱ्हाईक कागद निवडतें, पेढा नव्हे.

खरी निवड उत्पन्न झाली ती ऑक्टोबर १९६२ मध्यें लंडनच्या प्रदर्शनांत ट्रायंफ स्पिटफायर उभी राहिली तेव्हां. या गाडीच्या जन्माची कथा मोठी उद्बोधक आहे. स्टँडर्ड-ट्रायंफ ही कॉव्हेंट्री येथील कंपनी. हिच्या गाड्यांचे पत्र्याचे सांगाडे बनविणारा ‘फिशर अँड लडलो’ हा कारखाना १९५३ सालीं प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननें विकत घेतला. त्यामुळें अंग आणि चौकट एकजीव असलेली नवी गाडी काढणें स्टँडर्ड-ट्रायंफला अवघड होऊन बसलें. मग त्यांनीं जुनीच वाट धरिली : खालीं स्वतंत्र लोखंडी चौकट आणि तिच्यावर निरनिराळ्या कारखान्यांतून आणून बोल्टांनीं जोडलेले पत्रे. १९५९ सालची ट्रायंफ हेरल्ड ती हीच. शत्रूनें वाट अडविली म्हणून पत्करलेल्या या आडवाटेचा पुढें अनपेक्षित लाभ झाला. स्वतंत्र चौकट असली कीं ती थोडी आंखूड करून तिच्यावर अगदीं निराळें अंग बसवितां येतें. इटलीचे जोव्हानी मिकेलोत्ती यांनीं तसें एक सुरेख अंग रेखाटलें आणि नव्या गाडीचा नमुना तयार झाला.

परंतु तोंवर कंपनीची तिजोरी रिकामी झाली होती. नमुना कारखान्याच्या एका कोपऱ्यांत कापडाखालीं पडून राहिला. १९६१ सालीं लेलंड या मालमोटारी बनविणाऱ्या कंपनीनें स्टँडर्ड-ट्रायंफ विकत घेतली. आपण काय विकत घेतलें आहे हें पाहावयास आलेल्या मंडळींना तें झांकलेलें बाळ सांपडलें आणि त्यांनीं तें जगविण्याचें ठरविलें. महायुद्धांत लंडनचें रक्षण करणाऱ्या प्रसिद्ध लढाऊ विमानाचें नांव तिला दिलें गेलें. एकीचें नांव ठेंगू, दुसरीचें आग ओकणारी. नांवांतच दोघींचे स्वभाव दिसतात असें कोणास वाटेल, पण प्रत्यक्षांत स्थिति जवळ जवळ उलट होती.

ती कशी, हें गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें पाहूं. स्पिटफायरचें इंजिन ११४७ सी. सी. चें, शक्ति ६३ अश्वशक्ति. काचा हँडल फिरवून वरखालीं होणाऱ्या, आसनें ऐसपैस, लांबी मिजेटहून सात-आठ इंचांनीं अधिक. बॉनेट आणि पुढचे पंखे मिळून सगळा पुढचा भाग एकदम पुढें कलंडे, त्यामुळें यंत्र दुरुस्त करणाराला चाकावर बसून काम करतां येई. सुमारें २४ फुटांच्या वर्तुळांत ती वळे. लंडनच्या टॅक्सीलाही तें साधत नसे. थोडक्यांत, आग ओकणारी म्हणविणारी ही गाडी सुखवस्तु होती. उलट मिजेट अडचणीची, उघडीवाघडी. काचा सरकवून लावावयाच्या, पाय पसरावयास जागा बेताची. पण रस्त्याला वळण आलें कीं ठेंगूचें खरें तेज दिसे. मागचा आंस अखंड, सांगाडा एकजीव आणि ताठ; चालविणाराच्या मनांत आलें न आलें तोंच ती वळे. स्पिटफायरच्या मागच्या चाकांचे अर्धे आंस स्वतंत्रपणें वरखालीं हलत. वेगानें वळत असतां एकाएकीं पाय उचलला तर आंतलीं-बाहेरचीं चाकें दुमडल्यासारखीं होऊन गाडीचा मागचा भाग निसटे. नवख्याला हा दोष जिवावर बेतण्यासारखा होता.

शर्यतींचा दाखला घ्यावा, तर त्यानेंही निकाल लागत नाहीं. १९५९ सालीं अमेरिकेंत सेब्रिंग येथील बारा तासांच्या शर्यतींत स्प्राइटनीं आपल्या वर्गांत नांव काढलें. १९६५ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत स्पिटफायरनें आपल्या वर्गांत पहिला क्रमांक मिळविला. पारडें कोठेंच पूर्ण झुकत नव्हतें, आणि म्हणूनच निवड करणाराला विचार करावा लागे. तरुण अविवाहित मनुष्याला वळणांची गोडी असेल तर त्यानें मिजेट घ्यावी. बरोबर पत्नी आणि दोन दिवसांचें सामान असेल तर स्पिटफायर. यांत बरेंवाईट असें कांहीं नव्हतें. गाडी निवडतांना मनुष्य आपल्याला काय हवें आहे तें प्रथम ठरवीत होता.

आतां या निवडीचा गाड्यांवर काय परिणाम झाला तें पाहण्याजोगें आहे. स्पिटफायर आली त्याच महिन्यांत मिजेटला १०९८ सी. सी. चें इंजिन आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. १९६४ सालीं तिलाही हँडलाच्या काचा आल्या आणि मागचे पाटे बदलून चाल सुधारली. १९६६ सालीं तिचें इंजिन १२७५ सी. सी. चें झालें, लगेच पुढच्या वर्षीं स्पिटफायरचें १२९६ सी. सी. चें झालें. जिना चढणाऱ्या दोन मुलांपैकीं एकानें पायरी चढावी आणि दुसऱ्यानें त्याच्या पुढची गांठावी, तसा हा प्रकार. गिऱ्हाइकानें नुसतें दोन दुकानांच्या मध्यें उभें राहून डोकें खाजविलें, तरी त्याच्या त्या अनिश्चयांतून दोन्ही गाड्या सुधारत होत्या.

१९६८ सालीं मात्र नाटकाचा अंक बदलला. लेलंड आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा वारसा चालविणारी संस्था यांचें सरकारच्या प्रोत्साहनानें एकीकरण होऊन ब्रिटिश लेलंड निघाली. कालपर्यंत ज्या दोघी सवती होत्या त्या आज एकाच घरांत नांदूं लागल्या. न्यायाच्या दृष्टीनें हें सांगितलें पाहिजे कीं, स्पिटफायरच्या मागच्या चाकांचा तो जुना दोष याच नव्या घरांत, १९७० सालीं, दूर करण्यांत आला. एकीकरण झालें आणि सगळें बिघडलें, असें सरसकट विधान करणें म्हणूनच योग्य होणार नाहीं. परंतु तेथून पुढें नवी गाडी निर्माण करण्याची निकड कोणासच राहिली नाहीं. हीली यांच्याशीं असलेला करार संपविण्यांत आला आणि १९७१ सालीं स्प्राइट बंद पडली. अमेरिकेच्या नव्या सुरक्षानियमांसाठीं १९७४ सालीं मिजेटला पुढें-मागें काळ्या रबराचे जाड बंपर आले आणि तिची उंची वाढविण्यांत आली; ज्या वळणांसाठीं लोक तिच्यावर जीव टाकीत, तींच तिला जड जाऊं लागलीं. त्याच वेळीं तिच्या पोटांत स्पिटफायरचें १४९३ सी. सी. चें इंजिन बसविलें गेलें. बारा वर्षें जिच्याशीं झुंज दिली तिचेंच हृदय घेऊन ही जगूं लागली. निवड पुन्हा कागदांची होण्याच्या मार्गाला लागली.

शेवट लवकरच आला. सप्टेंबर १९७९ मध्यें ॲबिंग्डन गांवानें आपल्या कारखान्याच्या पन्नास वर्षांचा उत्सव केला, आणि तो संपतो न संपतो तोंच कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याच वर्षाअखेर मिजेट संपली. ऑगस्ट १९८० मध्यें शेवटची स्पिटफायर बाहेर पडली आणि ऑक्टोबरमध्यें ॲबिंग्डनचे दरवाजे मिटले. पौंडाचा भाव चढल्यानें अमेरिकेंतील विक्री तोट्याची झाली होती, हें कारण खोटें नव्हे. पण ज्या गाड्यांचें मूळ रूप जवळ जवळ वीस वर्षांपूर्वींचें, त्यांना असा धक्का सोसण्याचें बळ उरलेलें नव्हतें, हेंही तितकेंच खरें. अशा गाडीची हौस मेली होती म्हणावें, तर १९८९ सालीं जपानच्या माझदा कंपनीनें नेमकी तसलीच हलकी, उघडी, दोन माणसांची गाडी काढली आणि जगानें ती डोक्यावर घेतली. म्हणजे गिऱ्हाईक होतें. त्याच्यासाठीं चुरस करणारे दुकानदार तेवढे इंग्लंडांत उरले नव्हते.

आपल्या देशाशीं या कथेचा धागा अगदींच नाहीं असें नाहीं. मद्रासेंत १९६१ पासून तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड ही याच ट्रायंफ हेरल्डची हिंदी आवृत्ति. स्पिटफायरची ती सख्खी नातलग. तिचें पुढें कलंडणारें बॉनेट ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस वरील वर्णन परकें वाटणार नाहीं. परंतु त्या काळीं आपल्याकडे निवड म्हणजे ॲम्बॅसडर, फियाट आणि हेरल्ड एवढीच. तीही पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहिल्यावर. गिऱ्हाइकाचा अनिश्चय म्हणजे काय बळ असतें, याची प्रचीति आपल्याला फार उशिरां आली. आज एम्. जी. हीं अक्षरें चिनी कंपनीच्या मालकीचीं असून त्या नांवाच्या गाड्या गुजरातेंत हालोल येथें तयार होतात. पण त्या गाड्यांत आणि ॲबिंग्डनच्या ठेंगूंत नांवापलीकडे कांहींच नातें नाहीं.

मग मिजेट कीं स्पिटफायर ? माझ्या एका विद्यार्थ्यानें हा प्रश्न मला सरळ विचारिला, तेव्हां मीं त्याला उत्तर दिलें कीं, १९६५ सालीं मी इंग्लंडांत असतों आणि खिशांत पैसे असते, तर वळणांच्या लोभानें मिजेट घेतली असती. पण ती चांगली निघावी म्हणून शेजारच्या दुकानांत स्पिटफायर उभी असावी, अशी प्रार्थनाही केली असती.