उपनगरातून गेलेला दगड

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात बेअर फेरर्स इथे १२९०च्या दशकात चांदीच्या खाणी सुरू झाल्या. त्यांच्यावर राजाचा हक्क असल्याने मजुरीपासून लाकडापर्यंतचे हिशेब आजही वाचता येतात. मुंबईच्या उपनगरांखाली मात्र लाव्हारसाचा खडक आहे. त्यात चांदीच्या शिरा कुठल्या? खाणी इथेही झाल्या, पण दगडाच्या, आणि दगडाचा हिशेब इतक्या निगुतीने कोण ठेवणार? तो फोर्टमधल्या भिंतींवरूनच लावावा लागतो. राजाबाई टॉवरला कुर्ल्याचा पिवळसर दगड लागला, व्हिक्टोरिया टर्मिनसला मालाडचा आणि १९२४मध्ये खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियाला मालाडजवळच्या खारोडीचा. शहर वाढत वाढत उपनगरांपर्यंत आले, असे आपण सर्रास म्हणतो. माझ्या मते निदान दगडापुरता हा क्रम उलटा आहे: चाकरमानी अंधेरी-मालाडला बिऱ्हाड करू लागण्याच्या कितीतरी आधी साष्टीचे डोंगर दक्षिणेला जाऊन उभे राहिले होते.

यावर कोणी म्हणेल, दगड पोरबंदरहूनही येत होता. येत होताच, गलबतांतून. पण तो मऊ, नक्षीला सोयीचा. भिंतींचा मोठा भार बहुतेक स्थानिक दगडावर होता, कारण इतके वजन लांबून आणणे महाग. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इथली दगडफोड इंग्रजांनी थोडीच सुरू केली? कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर ही लेणी कित्येक शतके जुनी आहेत. खरे आहे, पण लेणे कोरणाऱ्याला डोंगर जागेवरच हवा असतो. खाणवाल्याला तो उचलून न्यायचा असतो, आणि त्यासाठी त्याला दूरचे गिऱ्हाईक व वाहतूक लागते. १८६०च्या दशकात किल्ल्याचा तट पाडल्यावर सरकारी इमारतींचा जो सपाटा सुरू झाला, त्याने हे गिऱ्हाईक मोठे केले. वाहतुकीसाठी रुळांचीही सोय झाली: कुर्ल्यावरून गाडी १८५३मध्येच धावू लागली होती, १८६०च्या दशकात ती अंधेरी-बोरिवलीकडेही आली.

व्हिक्टोरिया टर्मिनसचा वास्तुरचनाकार स्टीव्हन्स, त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. घण आणि छिन्नी चालवणारे पाथरवट, त्यांत वडार समाजाचे पुष्कळ, मात्र निनावीच राहिले. त्यांच्या कामाचे माप मिळते ते अंधेरीच्या गिल्बर्ट हिलपाशी. सुमारे ६१ मीटर उंचीचा काळ्या बसाल्टचा हा सुळका आता एकटा दिसतो, कारण शेजारचा खडक खाणींनी खाल्ला. संरक्षण मिळाले १९५२मध्ये, पालिकेचा वारसा दर्जा २००७मध्ये.