वैद्यकीय विद्यार्थ्यांची उपस्थिती व रजा : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

महाविद्यालयीन व्यवहारात ‘उपस्थिती’चा विचार बहुधा सत्राच्या अखेरीस होतो. टर्म भरली की नाही आणि परीक्षेला बसता येईल की नाही, एवढ्यापुरताच तो मर्यादित राहतो. वैद्यकीय शिक्षणात मात्र या शब्दाला निराळे वजन आहे. विद्यार्थी वर्गात नसेल तर नुकसान त्याचे होते. तो वॉर्डात नसेल तर त्याची किंमत पुढे एखादा रुग्ण मोजतो. विद्यार्थ्याने नेमके कोठे हजर असावे याविषयीची अपेक्षा कशी बदलत गेली आणि रजेचा विचार त्या मानाने कसा मागे राहिला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात घेतला आहे.

गुरुगृह आणि अनध्याय

अहमदनगर येथे १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांचे नाव या संस्थेशी कायमचे जोडले गेले आहे. ज्या शास्त्राचे अध्यापन येथे होऊ लागले, त्याच्या प्राचीन परंपरेत हजेरीपटाची गरज नव्हती. शिष्य गुरूच्या सान्निध्यातच असे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात शिष्याच्या उपनयनाचा विधी येतो. शिष्यावर तेथे आज्ञापालनाचे बंधन आहे. परंतु शिष्य नीट वागत असताना गुरूने अन्यथा वर्तन केल्यास गुरूही पापाचा भागीदार होतो, असे गुरूच्याच तोंडी घातले आहे. त्याच अध्यायाच्या शेवटी अनध्यायाचे प्रसंग सांगितले आहेत. कृष्ण पक्षातील अष्टमी, चतुर्दशी व अमावास्या, अकाली विजा आणि मेघगर्जना, राजावरील संकट, युद्ध, महोत्सव इत्यादींचा त्यांत समावेश होतो. म्हणजे बंधन उभयपक्षी होते आणि सुट्टी सर्वांची एकत्र होती. व्यक्तीच्या गरजेनुसार द्यावयाच्या रजेची कल्पना या यादीत दिसत नाही.

प्रमाणपत्रापासून टक्केवारीपर्यंत

नोंदवलेल्या उपस्थितीची प्रथा इंग्लंडमध्ये रूढ झाली. तेथील १८१५ च्या औषधविक्रेत्यांविषयीच्या कायद्यानंतर परवाना मागणाऱ्या उमेदवाराला ठरावीक व्याख्याने ऐकल्याचे आणि किमान सहा महिने रुग्णालयात हजर राहिल्याचे पुरावे द्यावे लागत. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. जमशेटजी जीजीभाई रुग्णालय त्याला जोडलेले होते. व्याख्यान आणि वॉर्ड ही जोडी अशा रीतीने पश्चिम भारतातील वैद्यकीय शिक्षणाचा पाया ठरली.

पुढे या नोंदीला टक्केवारीचे रूप आले. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमावलीने परीक्षेस बसण्यासाठी प्रत्येक विषयात ७५ टक्के उपस्थिती अनिवार्य केली. व्याख्याने, चर्चासत्रे, प्रात्यक्षिके आणि रुग्णशय्येजवळील अध्यापन या सर्वांची गणना तीत एकत्रित होती. एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने झाकली जाण्यास त्यामुळे वाव राहिला. २०१९ च्या सुधारित नियमांनी तात्त्विक भागासाठी ७५ आणि प्रात्यक्षिक व रुग्णालयीन कामासाठी ८० टक्के अशी विभागणी केली. रुग्णाजवळची हजेरी व्याख्यानापेक्षा अधिक मोलाची, हे नियमाच्या भाषेत स्पष्टपणे मान्य झाले.

गावातील हजेरी

उपस्थितीची जागा रुग्णालयाबाहेरही असू शकते, हा विचार या जिल्ह्यात त्यापूर्वीच रुजला होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील स्त्रियांना, त्यांतील अनेकींना अक्षरओळखही नसताना, आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्यांची पात्रता हजेरीपटावर ठरली नाही; त्या रोज गावातच होत्या, हीच त्यांची खरी हजेरी होती. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९७७ च्या वैद्यकीय शिक्षण पुनर्रचना योजनेने वैद्यकीय महाविद्यालयांकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे सोपवून विद्यार्थ्यांना खेड्याकडे नेण्याचा प्रयत्न केला. १९८४ साली लोणी येथे सुरू झालेल्या महाविद्यालयाने तर ‘ग्रामीण’ हा शब्द आपल्या नावातच घेतला. तरीही खेड्यातील उपस्थितीला परीक्षेच्या पात्रतेत स्वतंत्र स्थान मिळण्यास दीर्घ काळ जावा लागला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२४ च्या अभ्यासक्रमविषयक मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक विद्यार्थ्याने किमान तीन कुटुंबे दत्तक घ्यावीत आणि कुटुंबभेटींना ८० टक्के उपस्थिती असावी, अशी अट आहे. जामखेडच्या प्रयोगानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने हे घडले.

रजेचा प्रश्न

उपस्थितीची व्याख्या अशी विस्तारत असताना रजेकडे केवळ टक्केवारीतील तूट म्हणून पाहिले गेले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी २००० च्या नियमावलीत पूर्णवेळ निवासी काम आणि ८० टक्के उपस्थिती यांची अट होती. २०२३ च्या नियमावलीने त्यांना वर्षाला किमान २० दिवसांची सवेतन नैमित्तिक रजा, पाच दिवसांपर्यंत शैक्षणिक रजा, कामाच्या निकडीच्या अधीन राहून साप्ताहिक सुट्टी आणि दिवसाकाठी वाजवी विश्रांती मान्य केली. विश्रांती हा प्रशिक्षणाचाच भाग आहे, याची ही महत्त्वाची कबुली होय. पदवीपूर्व विद्यार्थ्याचे आजारपण किंवा घरातील आपत्ती मात्र प्रायः उरलेल्या २० ते २५ टक्क्यांतच सामावून घ्यावी लागते.

२०२३ च्या निकषांनुसार अध्यापकांनाही कामाच्या एकूण दिवसांपैकी ७५ टक्के उपस्थिती बंधनकारक झाली. सुश्रुतसंहितेतील उभयपक्षी बंधन निराळ्या रूपात परतले, असे म्हणता येईल.

समारोप

व्याख्यानगृह, रुग्णशय्या आणि उंबरठा या तीन टप्प्यांतून उपस्थितीचा नियम पुढे आला आहे. त्याचा हेतू दंड करणे हा नसून, रुग्णासमोर उभे राहण्याची सवय लावणे हा आहे. हा हेतू लक्षात घेतल्यास उपस्थिती आणि रजा ही परस्परविरोधी प्रकरणे ठरत नाहीत. थकलेला अथवा दुःखात असलेला विद्यार्थी वॉर्डात केवळ शरीराने उभा असेल, तर पटावर हजेरी लागते, पण शिक्षण घडत नाही. कोणत्या कारणाने कोणता विद्यार्थी अनुपस्थित राहिला, हे सत्र संपण्यापूर्वी जाणून घेणे आणि बुडालेले रुग्णालयीन काम भरून काढण्याची सोय करणे, ही जबाबदारी म्हणूनच महाविद्यालयाची आणि अध्यापकाची ठरते. यंत्रावरील नोंद ते काम करू शकत नाही.