मार जूलियस

मार जूलियस : मूळ नाव आंतोनियु फ्रांसिश्कु शाव्हियेर आल्वारिश (१८३६–१९२३), गोव्यातील वेर्णा येथे जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू. पोर्तुगाल व रोम यांच्यातील १८८६च्या करारानुसार पोर्तुगालच्या आश्रयाखालची श्रीलंकेतील काही चर्चे रोमच्या थेट अंमलाखाली गेली. ते न मानणाऱ्यांच्या स्वतंत्र कॅथलिक चर्चचे हे आर्चबिशप. बिशपपदाची दीक्षा १८८९ साली केरळच्या सुरियानी ऑर्थोडॉक्स बिशपांकडून. उपासना मात्र लॅटिन वळणाचीच राहिली. अधिकृत चर्चने बहिष्कृत केल्यावरही पणजीत जातधर्म न पाहता गोरगरिबांना अन्न-निवारा दिला, म्हणून त्यांना नुसते ‘बंडखोर’ म्हणणे अन्यायाचे आहे. १८९२मध्ये त्यांनी कोलंबोत धर्मगुरू जोसेफ रने व्हिलात यांना आर्चबिशपपद दिले. पाश्चात्य देशांतले अनेक स्वतंत्र कॅथलिक गट, त्यांत स्त्रियांना पौरोहित्य देणारेही, आपली परंपरा व्हिलातपर्यंत नेतात.