आदत, दुसा, चौसा: दात किती आणि कसे, हे ठरवतं कोण?

कोल्हापूर भागात बैल घेताना आधी तोंड उघडून बघतात. समोरचे सगळे दुधाचे दात असतील तर तो आदत. कायमचे दोन आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की जुळलेला. किंमत यावर ठरते, शर्यतीचे गटही यावरच पडतात. पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांनी येते, चार वर्षांच्या आसपास बैल जुळतो. म्हशीचं थोडं उशिरा. हे आठ दात फक्त खालच्या जबड्यात असतात. वर पुढे कठीण हिरडीची गादी.

गंमत म्हणजे जुळलेल्या बैलाला एकूण 32 दात असतात, माणसालाही 32 च. मांडणी मात्र पार वेगळी. उंदराला तर 16 च, आणि त्याला दुधाचे दात पडून नवे येणं हा प्रकारच नाही.

हा फरक गर्भातच ठरतो. जबड्याच्या आतलं वरचं अस्तर आणि त्याखालच्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. हे निरोप म्हणजेच ग्रोथ फॅक्टर: एफजीएफ, बीएमपी, डब्ल्यूएनटी, सॉनिक हेजहॉग. (शेवटचं नाव खरंच व्हिडिओ गेमवरून ठेवलेलं आहे.) नंतर कोंभात पेशींची एक छोटी गाठ तयार होते. ती स्वतः वाढत नाही, पण एफजीएफ सोडून आजूबाजूच्या पेशींना वाढायला लावते. हेलसिंकीच्या युक्का येर्नवाल आणि इर्मा थेस्लेफ यांच्या गटाने 1994 मध्ये हे दाखवलं. दाढेत अशा गाठी जिथे जिथे होतात, तिथे तिथे उंचवटे येतात. म्हणून आपल्या दाढेवर गोलसर टेकड्या, तर कडबा रवंथ करणाऱ्या बैलाच्या दाढेवर चंद्रकोरीसारख्या कडा. निरोप बहुतांशी तेच. कुठे, कधी आणि किती, यात फरक.

उंदराच्या पटाशीच्या दाताच्या मुळाशी एफजीएफ-10 जन्मभर चालू राहतो, म्हणून तो दात वाढतच राहतो. त्याच्याच दाढेत हा निरोप बंद पडतो, मग मूळ धरतं आणि वाढ थांबते. एफजीएफला लगाम घालणारी स्प्राउटी जनुकं काढली, तर उंदराच्या पटाशी आणि दाढांमधल्या मोकळ्या जागेत चक्क जास्तीचा दात उगवतो. म्हणजे तिथे दात नसणं हेसुद्धा थोपवून धरलेलं असतं.

निरोप तुटला तर? ईडीए या जनुकात बिघाड झाला की गाईच्या वासराला आणि माणसाच्या बाळाला सारखाच त्रास होतो: दात कमी, केस विरळ, घाम जवळपास येत नाही. उन्हाळ्यात अशा बाळाचा ताप धोकादायक ठरू शकतो. सिंधमधल्या अशाच एका कुटुंबाची नोंद डार्विननेही केली होती. जर्मनीत डॉक्टरांनी हे प्रथिन गर्भाभोवतीच्या पाण्यात सोडून पाहिलं आणि 2018 मध्ये ते प्रसिद्ध केलं; त्या मुलांना नंतर घाम येऊ लागला.

जपानमध्ये कात्सु ताकाहाशी यांच्या गटाने यूसॅग-1 हा बीएमपीला अडवणारा घटक रोखून उंदीर आणि फेरेट यांच्यात नवे दात उगवून दाखवले. क्योटोमध्ये 2024 पासून माणसांवर सुरक्षिततेची चाचणी सुरू झाली. ‘गेलेला दात औषधाने परत’ असे व्हिडिओ फिरत असले, तरी तसं औषध दवाखान्यात अजून मिळत नाही.