अँथनी गोन्साल्विस खरंच होते!

लहानपणी हिंगोलीत 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाण्याशिवाय वरात पुढे सरकायची नाही. अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ आठवतोय ना? मला ते नाव उगाच गमतीसाठी घेतलेलं वाटायचं.

पुढे एका मित्रानं फ्रँक झप्पाचा 'हॉट रॅट्स' (१९६९) ऐकवला. त्यात शुगरकेन हॅरिसचं इलेक्ट्रिक व्हायोलिन आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकून ब्लूज-रॉककडे वळलेला हा माणूस. त्यानं डूई टेरीबरोबर रचलेलं एक गाणं १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, पण भलत्याच जोडीच्या आवाजात!

आपल्याकडे असा व्हायोलिनवाला कोण, म्हणून शोधायला लागलो आणि पोचलो थेट त्या अंड्यापाशी.

अँथनी गोन्साल्विस मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७. १९४३ मध्ये मुंबईला येऊन नौशादकडे व्हायोलिन वाजवू लागले, मग अरेंजर झाले. पोट सिनेमावर, पण डोक्यात वेगळंच खूळ: आपले राग सिम्फनीत बसवायचे. १९५८ मध्ये त्यांनी ११० वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा केला, गायला लता आणि मन्ना डे! १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले. भारतात परतले ते गोव्यात. सिनेमाकडे पुन्हा फिरकले नाहीत. १९७७ मध्ये शिष्य प्यारेलालनी गुरूचं नाव त्या गाण्यात गुंफलं.

ते गेले २०१२ मध्ये. म्हणजे आम्ही वरातीत त्या नावावर नाचत होतो, तेव्हा तो माणूस गोव्यात जिवंत होता. हॅरिसचं गाणं गाजलं, नाव राहिलं मागे. यांचं नाव गाजलं, संगीत राहिलं मागे.