दहा बाय दहा: आठशे वर्षांपूर्वीची एक खोली

हेडफोन लावलेत? मग आज एका खोलीत जाऊ. एकच खोली आहे, लांबी दहा फूट, रुंदी दहा फूट, उंची सात फुटांपेक्षा कमी. आता तुम्ही म्हणाल, यात काय नवीन? पुण्यात पीजीमध्ये राहतोय, तिथेही एवढीच आहे! बरोबर. पण ही खोली आहे जपानमधली, क्योतो शहराबाहेरच्या हिनो नावाच्या डोंगराळ भागातली, आणि साल आहे १२१२. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट.

या खोलीत राहणाऱ्या माणसाने स्वतःच लिहून ठेवलंय, की मी आधी कुठे राहायचो, घर कसं लहान लहान होत गेलं, शेवटच्या खोलीत कुठल्या कोपऱ्यात काय ठेवलं, अंथरूण कुठे घातलं. आणि तिथे मला बरं का वाटतं, हेही. त्याचं नाव कामो नो चोमेई. त्याच्या छोट्याशा पुस्तकाचं नाव ‘होजोकी’. ‘होजो’ म्हणजे चौरस दहा फूट. थोडक्यात, ‘दहा बाय दहाची हकीकत’.

आपल्यातले कितीतरी जण दर अकरा महिन्यांनी घर बदलतात. ॲग्रीमेंट संपतं, भाडं वाढतं, नोकरी बदलते, आणि नवी खोली आधीपेक्षा लहान निघते. सामान टेम्पोत चढवताना मनात एक गोष्ट टोचत असते. खोली लहान झाली म्हणजे आपणही थोडे लहान झालो की काय? चोमेईची गोष्ट आज सांगायची ती या टोचणीसाठी.

मोठ्या घरातला मुलगा

चोमेईचा जन्म साधारण ११५५चा. वडील क्योतोच्या कामो देवस्थानातले वरच्या दर्जाचे पुजारी. घराणं मोठं, मान मोठा. चोमेईला वडिलांकडच्या आजीचं घर मिळालं होतं. पण वडील लवकर गेले, आणि पाठीशी कोणी नसलं की काय होतं ते जगात सगळीकडे सारखंच. ते घर हातातून गेलं.

तिशी ओलांडल्यावर त्याने स्वतःचं घर बांधलं. आजीच्या घराच्या तुलनेत किती? त्याच्याच हिशेबाने एक दशांश. म्हणजे नव्वद टक्के जागा गेली! नीट फाटक बांधायलाही पैसे नव्हते. गाडी ठेवायची जागा बांबूच्या खांबांवर उभी केली. घर नदीकाठाजवळ, म्हणून पुराची भीती, आणि चोरांचीही.

तरी माणूस हुशार. कविता उत्तम करायचा, बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवायचा. १२०१ साली निवृत्त सम्राट गो-तोबा यांनी त्याला दरबारच्या काव्य विभागात घेतलं. आता वाटलं, दिवस पालटले. वडिलांच्या घराण्याशी जोडलेल्या एका देवळात पद रिकामं झालं, ते आपल्याला मिळेल अशी त्याला आशा होती. मिळालं नाही. पन्नाशीच्या आसपास त्याने सगळं सोडलं आणि बौद्ध भिक्षू झाला.

इथे थोडं थांबा. कारण ‘त्याने संसाराचा त्याग केला’ असं म्हटलं की ऐकायला फार छान वाटतं. पण नीट बघितलं तर लहान घर त्याने काही हौसेने निवडलं नव्हतं. पहिलं घर सुटलं, मग पद हुकलं. प्रत्येक वेळी आधी नुकसान, आणि त्यानंतर निर्णय. आपल्या शिफ्टिंगच्या गोष्टी यापेक्षा फार वेगळ्या असतात का?

घरं वाहून गेली ते शहर

चोमेईला मोठ्या घराचा मोह का उरला नाही, याचं दुसरं कारण त्याच्या तरुणपणात आहे. त्याने काय काय पाहिलं, ऐका.

११७७ साली क्योतोला आग लागली. जोराचा वारा, लाकडी घरं. एका रात्रीत शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग गेला. ११८०मध्ये वावटळ आली, तिने रस्तेच्या रस्ते आडवे केले. त्याच वर्षी तायरा नो कियोमोरी या बलाढ्य सरदाराने राजधानीच हलवली, फुकुहाराला, म्हणजे आजच्या कोबे शहराच्या भागात. मग दरबाऱ्यांनी काय करावं? घरं सुटी केली, लाकडं योदो नदीत सोडली आणि तराफ्यासारखी खाली नेली. अख्खं शहर पॅकर्स अँड मूव्हर्स! आणि काही महिन्यांत, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, राजधानी परत क्योतोला. पण मोडलेली सगळी घरं काही पुन्हा तशी उभी राहिली नाहीत.

मग आला दुष्काळ, ११८१–८२चा. लोक स्वतःचं घर फोडून त्याची लाकडं सरपण म्हणून बाजारात विकायला लागले. त्या सरपणात मध्येच लाल रंगाचे, सोनेरी वर्खाचे तुकडे दिसायचे. चौकशी केली तेव्हा कळलं, लोक पडक्या देवळांतल्या मूर्ती आणि सामान फोडून आणत होते.

रस्त्यांवर प्रेतं पडायला लागली. निन्नाजी मठातला र्‍युग्यो नावाचा भिक्षू एकेका प्रेताजवळ जायचा आणि त्याच्या कपाळावर एक अक्षर लिहायचा. कुठलं अक्षर? आपलं ‘अ’. होय, संस्कृतातला अ, भारतातून बौद्ध धर्माबरोबर जपानपर्यंत पोचलेल्या सिद्धम् लिपीत. दोन महिन्यांत, शहराच्या फक्त एका भागात, मोजणी झाली ४२,३००हून अधिक.

त्यानंतर ११८५चा मोठा भूकंप. धक्के तीन महिने येत राहिले.

ज्या माणसाने तिशीपर्यंत एवढं पाहिलं, त्याचा घराकडे बघायचा डोळाच बदलला. एवढ्या धोक्याच्या शहरात पैसा आणि जीव ओतून लोक घरं बांधतात कशाला, असा त्याचा सवाल आहे.

खोलीत काय होतं?

भिक्षू झाल्यावर चोमेई पाच वर्षं ओहारा नावाच्या डोंगरात राहिला. मग साठीच्या सुमारास हिनोला आला आणि ही झोपडी उभी केली. आधीच्या, म्हणजे नदीकाठच्या घराच्या शंभराव्या भागाएवढीही नाही, असं तो म्हणतो.

आता तिची रचना. सांध्यांना लोखंडी कड्या लावलेल्या. जागा आवडली नाही तर कड्या काढा, भिंती सुट्या करा, दोन गाड्यांत सगळं मावतं. खर्च किती? फक्त गाडीवाल्याची मजुरी. नदीत तरंगणारी घरं ज्याने पाहिली, त्यालाच हे सुचणार.

दक्षिणेला बांबूच्या पट्ट्यांचा छोटा ओटा. पूर्वेला पुढे काढलेलं छप्पर, तिथे काटक्या पेटवायच्या, म्हणजे स्वयंपाकघर. आत उत्तरेच्या बाजूला अमिदाचं, म्हणजे अमिताभ बुद्धाचं चित्र आणि समोर सद्धर्मपुंडरीक सूत्राची पोथी. पूर्वेच्या कडेला नेच्याची सुकी पानं पसरलेली, हेच अंथरूण. नैऋत्येला बांबूची टांगती फळी, तिच्यावर काळ्या चामड्याच्या तीन पेट्या. त्यांत कवितेची आणि संगीताची पुस्तकं, काही धर्मग्रंथांचे उतारे. बाजूला दोन वाद्यं, एक कोतो आणि एक बिवा, दोन्ही जोडाची, सुटी करून ठेवता येतील अशी.

बघा हं, या यादीत काय नाही ते बघा. जुन्या घरातलं ‘राहू दे, कधीतरी लागेल’ असं काहीच नाही. पण सगळंच टाकून दिलंय असंही नाही. भिक्षूला दोन वाद्यं कशाला? तर त्याला वाजवायला आवडायचं म्हणून. ऐकायला कोणी नाही, कौतुक करायला कोणी नाही. स्वतःसाठी वाजवायचं. शंभर चौरस फुटांत त्याने आवडीच्या गोष्टीला भिंतीची एक बाजू देऊन टाकली, आणि झोपायला फक्त एक कड ठेवली.

आणि एक मजा सांगतो. एखाद्या दिवशी मंत्रपाठ करायचा कंटाळा आला तर तो सरळ विश्रांती घ्यायचा. बघायला कोणी नाही, लाज वाटावी असंही कोणी नाही!

खोलीच्या बाहेर काय होतं? पश्चिमेला मोकळी दरी. वसंतात वेली फुलायच्या, उन्हाळ्यात कोकिळेच्या जातीचा पक्षी ओरडायचा, शरदात किडे, हिवाळ्यात बर्फ. डोंगराच्या पायथ्याशी राखणदाराची झोपडी, त्याचा दहा वर्षांचा मुलगा चोमेईचा मित्र. एक साठीचा, एक दहाचा. दोघं रानात भटकायचे, कंद नि फळं गोळा करायचे. म्हणजे खोली दहा बाय दहा, पण त्याचं घर तिथे संपत नव्हतं.

हे माप आलं कुठून?

बरं, दहा फूटच का? याचं उत्तर आपल्याकडे आहे, बिहारमध्ये. वैशालीत विमलकीर्ती नावाचा एक श्रीमंत पण ज्ञानी गृहस्थ होता अशी बौद्ध सूत्रात कथा आहे. तो आजारी पडला. त्याला भेटायला मंजुश्रीसह मोठा समुदाय निघाला. विमलकीर्तीने काय केलं? खोलीतलं सगळं सामान काढून टाकलं, फक्त स्वतःचा पलंग ठेवला. सारिपुत्राला काळजी, एवढे लोक बसणार कुठे? आणि मग त्या खोलीत ३२,००० सिंहासनं मावली. अडचण तर नाहीच, दाटीही नाही.

ही खोली चौरस दहा फुटांची होती, अशी परंपरा चीनमध्ये रूढ झाली आणि तिथून जपानला गेली. झेन मठांत प्रमुखाच्या निवासालाही ‘होजो’च म्हणतात. चोमेईने आपली झोपडी बांधताना हे माप डोळ्यांसमोर ठेवलं होतं, आणि पुस्तकात विमलकीर्तीचा उल्लेखही केलाय.

आणि आपली दहा बाय दहा

आता जरा मुंबईत या. मराठी माणसाला ‘दहा बाय दहाची खोली’ म्हटलं की बौद्ध सूत्र नाही आठवत, चाळ आठवते. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला २०७ चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. तिथली खोली १६० चौरस फुटांची. चोमेईच्या खोलीपेक्षा थोडी मोठीच म्हणा. पण तो एकटा होता, आणि इथे आई-बाबा, आजी, चार भावंडं, गावाहून आलेला काका.

रचना मात्र ओळखीची आहे. दिवसा वळकटी गुंडाळून ठेवायची, खाटेखाली ट्रंका, वर पोटमाळा, फळीवर ओळीने डबे, कोपऱ्यात देव्हारा. आणि बाहेर गॅलरी, जी कोणा एकाची नाही आणि सगळ्यांची आहे. अभ्यास तिथे, गप्पा तिथे, उन्हाळ्यात झोपही तिथेच. चोमेईला डोंगर होता, चाळीला गॅलरी.

पण दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालायच्या नाहीत. साठीतल्या माणसाने एकट्यासाठी लहान खोली घेणं वेगळं, आणि गिरणीच्या पगारात परवडत नाही म्हणून आठ जणांनी त्यात पिढ्या काढणं वेगळं. ज्यांनी चाळीत आयुष्य काढलं ते पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मागतात, तेव्हा त्यांना ‘अहो, साधेपणात सुख असतं’ असं कोणी ऐकवू नये. साधेपणाचा उपदेश नेहमी दुसऱ्याच्या खोलीसाठी सोपा असतो.

मग चोमेईकडून घ्यायचं काय? माझ्या मते, क्रम. नव्या लहान खोलीत गेलो की आपण आधी विचार करतो की जुनं सगळं सामान इथे कसं बसवू. त्याने उलट केलं. आपल्याला रोज काय करायचंय ते आधी ठरवलं: पाठ, वाचन, वाजवणं, झोप. प्रत्येकाला एक बाजू दिली. उरलेलं आणलंच नाही. तुमचं गिटार असेल, कुंड्या असतील, अभ्यासाचं टेबल असेल. त्याला आधी खिडकीजवळची जागा द्या, आणि कपाट कुठे ठेवायचं ते नंतर बघा. आणि खोलीबाहेरचं काहीतरी आपलं करा. गच्ची, वाचनालय, टेकडी, कोपऱ्यावरचा चहावाला, काहीही.

जाता जाता पुस्तकाचा शेवट सांगतो, कारण तो मला फार प्रामाणिक वाटतो. एवढं सगळं कौतुक केल्यावर चोमेई एका पहाटे स्वतःलाच विचारतो: बुद्ध सांगतात कशातही गुंतू नका, आणि मी तर या झोपडीतच गुंतलोय. हाही मोहच नाही का? मन काही उत्तर देत नाही. तो दोन-तीनदा बुद्धाचं नाव घेतो आणि लिहिणं थांबवतो. पुढे चार वर्षांनी, १२१६मध्ये, तो गेला.

क्योतोला कधी गेलात तर शिमोगामो देवस्थानाच्या परिसराची चौकशी करा, तिथे या झोपडीची प्रतिकृती उभारलेली आहे. ज्या घराण्याच्या देवळात त्याला पद मिळालं नाही, तिथेच आज लोक त्याची खोली बघायला येतात.

तर मंडळी, यंदा शिफ्ट करताय का? नव्या खोलीत सगळ्यात आधी कुठली वस्तू ठेवली, ते आम्हाला नक्की कळवा. पुन्हा भेटूच. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!