देहधारण आणि इसेनहाइमचे वेदीचित्र

१. देव येशूच्या रूपाने खरोखर माणूस झाला, भूक, थकवा, भीती, मरण यांतले काहीच त्याने टाळले नाही, ही ख्रिस्ती श्रद्धा. इ. स. ४५१च्या खाल्सेदोन धर्मपरिषदेने त्याला पूर्ण देव आणि पूर्ण मानव म्हटले. पण परिषदेच्या ठरावापेक्षा चित्रकार ग्र्युनेवाल्टचे इसेनहाइमचे वेदीचित्र (सुमारे १५१२–१६) अधिक भिडते. ते ज्या मठासाठी काढले, त्या इसेनहाइमच्या मठातील रुग्णालयात अरगट बुरशी लागलेल्या राय धान्याच्या पावामुळे हातपाय सडलेले रोगी येत. चित्रातल्या क्रुसावरच्या येशूची कातडी हिरवट, फोडांनी भरलेली आहे. खिळ्यांभोवती बोटे वेडीवाकडी ताठली आहेत. या रोग्यांना आपलेच दुखणे देवाच्या अंगावर दिसत असणार. चित्र आता फ्रान्समध्ये कोलमारच्या संग्रहालयात आहे.